नटश्रेष्ठ चार्ल्स लॉटन आणि एका कोर्टमार्शलची पात्रयोजना

वार्षिक स्नेहसंमेलनात नाटक बसवावयाचे ठरले की पहिली बैठक नाटकाच्या निवडीची होते आणि दुसरी भांडणाची, हा अनुभव आपल्या सर्व ज्ञातिबांधवांस आहे. नाटकाच्या वाचनास पाच माणसे येतात. भूमिका वाटावयाच्या दिवशी पन्नास येतात. राजाची भूमिका कोणास द्यावी, प्रधान कोणी व्हावे, आणि भालदार-चोपदार होण्यास कोणीच कसे तयार नाही, या प्रश्नांवरून सख्ख्या चुलत भावांची बोलाचाली बंद झालेली आम्ही पाहिली आहे. शाळेत अध्यापनाचे काम करीत असता संमेलनाची नाटके बसविण्याचे काम बहुतेक वर्षे आमच्याकडेच असे, त्यामुळे या भांडणांत पंच आणि आरोपी या दोन्ही नात्यांनी आम्हांस उभे राहावे लागले. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असे चिटणिसांनी सुचविले तेव्हा, नटांची निवड आणि तिचे मर्म ज्याच्या आयुष्यात पदोपदी दिसते अशा एका परदेशस्थ नटाचे चरित्र सादर करावे असे मनात आले. त्यांचे नाव चार्ल्स लॉटन.

लॉटन यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, समुद्रकाठच्या स्कारबरो गावी, १ जुलै १८९९ रोजी झाला. आईवडिलांचे हॉटेल होते. आई आयरिश वंशाची, कडक धर्मनिष्ठ कॅथलिक बाई. तिने मुलाला स्टोनीहर्स्ट येथील जेझुइट पाद्र्यांच्या निवासी शाळेत घातले. मुलगा थोरला, म्हणून धंदा त्यानेच चालवावा हे ठरलेलेच होते. त्याप्रमाणे लंडनच्या क्लॅरिजेस या श्रीमंती हॉटेलात उमेदवारी करण्यास त्यांस पाठविले. तेथे तऱ्हेतऱ्हेचे पाहुणे येत. त्यांची चाल, त्यांचे बोलणे, नोकरांशी वागण्याची रीत, हे सारे हा मुलगा टिपून ठेवीत असला पाहिजे. कारण पुढे त्यांनी उभ्या केलेल्या सरदारांत आणि बटलरांत ते जसेच्या तसे उतरलेले दिसते.

तोच पहिले महायुद्ध भडकले होते. लॉटन साधे शिपाई म्हणून फौजेत गेले. फ्रान्सच्या खंदकांत त्यांनी युद्धाचे शेवटचे दिवस काढले आणि १९१८ साली विषारी वायूचा तडाखा त्यांस बसला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे. युद्धाहून परत आल्यावर काही वर्षे त्यांनी हॉटेलचा गल्ला सांभाळला आणि संध्याकाळी गावातील हौशी मंडळींबरोबर नाटके केली. अखेर १९२५ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, घरच्यांची समजूत घालून ते लंडनच्या राजमान्य नाट्यविद्यालयात दाखल झाले आणि तेथील सुवर्णपदक मिळवून १९२६ साली धंदेवाईक रंगभूमीवर आले. गोगोल या रशियन लेखकाच्या प्रसिद्ध नाटकातील नोकराची भूमिका ही त्यांची पहिली भूमिका होय.

आता त्यांच्या रूपाविषयी सांगणे भाग आहे, कारण पात्रयोजनेचा सारा प्रश्न येथेच येऊन ठेपतो. लॉटन देखणे नव्हते. शरीर स्थूल, चेहरा गोल व मांसल, ओठ जाड, मान आखूड. आपण कुरूप आहो हे शल्य त्यांच्या मनात जन्मभर राहिले. नायकाच्या भूमिकेसाठी अशा माणसाकडे कोण पाहणार? परंतु पहिल्या दोन-तीन वर्षांतच लंडनच्या नाट्यव्यवस्थापकांना कळून चुकले की हा माणूस रंगमंचावर आला की प्रेक्षकांची नजर दुसरीकडे जात नाही. १९२८ साली अ‍ॅगाथा ख्रिस्तीबाईंच्या हर्क्यूल प्वारो या गुप्तहेराची भूमिका रंगभूमीवर प्रथम त्यांनीच केली. त्याच सुमारास एल्सा लँचेस्टर या गुणी अभिनेत्रीशी त्यांचा परिचय झाला व १९२९ साली विवाह झाला. या संसारात मूलबाळ झाले नाही, आणि त्यातील सुखदुःखे पत्नीने पुढे स्वतःच लिहून ठेविली आहेत. त्यांत आम्ही शिरत नाही.

येथे आमच्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आमच्या वर्गात एक लठ्ठ मुलगा होता. संमेलनाच्या नाटकात चार वर्षे ओळीने आम्ही त्यास राक्षस, अस्वल, खादाड भटजी अशाच भूमिका दिल्या. प्रेक्षक हसत, टाळ्या पडत, आम्हीही खूष असू. पाचव्या वर्षी त्याने नाटकात भाग घेण्यास नकार दिला आणि पडदा ओढण्याचे काम मागून घेतले. तालमीच्या वेळी एकदा मुख्य नट गैरहजर होता, तेव्हा पडद्याच्या दोरीशी उभे राहून त्या मुलाने कर्णाचे सारे भाषण मुखोद्गत म्हणून दाखविले. असे भाषण आमच्या शाळेत त्यापूर्वी झाले नव्हते आणि त्यानंतरही झाले नाही. तरीही कर्णाची भूमिका आम्ही त्यास दिली नाही, कारण मुकुट व कवच दुसऱ्याच्या मापाचे शिवून झाले होते, आणि ज्याच्या मापाचे शिवले होते त्याच्या वडिलांनी मांडवाचा खर्च उचलला होता. लॉटन यांचे चरित्र वाचताना तो मुलगा आमच्या डोळ्यांपुढे वारंवार येतो.

लॉटन यांस मात्र कर्ण मिळाले. १९३३ साली ‘आठव्या हेन्रीचे खासगी जीवन’ या चित्रपटात त्यांनी सहा राण्या करणारा राजा रंगविला आणि त्याबद्दल त्यांस ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्यानंतर त्यांनी हॉलिवूडमध्ये पैसा मिळवीत बसावे, असे कोणीही म्हटले असते. परंतु ते लंडनच्या ओल्ड व्हिक या अल्प वेतनाच्या नाट्यगृहात शेक्सपिअरची नाटके करण्यास गेले. तेथला त्यांचा मॅकबेथ पडला हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. १९३६ साली पॅरिसच्या कोमेदी फ्रान्सेझ या फ्रेंचांच्या मानाच्या रंगभूमीवर मोलिएरचे नाटक त्यांनी फ्रेंच भाषेत केले. तेथे काम करणारे ते पहिले इंग्रज नट.

१९३५ साली ‘बाउंटी’ जहाजावरील बंडाचा चित्रपट निघाला. ही कथा खरी घडलेली. इ. स. १७८९ मध्ये ताहिती बेटाहून विलायती फणसाची रोपे घेऊन जाणाऱ्या या इंग्रजी जहाजावर खलाशांनी कप्तान ब्लाय याच्याविरुद्ध बंड केले व त्यास उघड्या होडीत सोडून दिले. चित्रपटात बंडाचा पुढारी देखणा क्लार्क गेबल आणि क्रूर कप्तान लॉटन. चित्रपटाच्या अखेरीस आरमारी न्यायालयाचा प्रवेशही आहे. लॉटन यांचा ब्लाय इतका गाजला की नकला करणारे लोक वर्षानुवर्षे त्याच आवाजात बोलत. बंड, कप्तान आणि लष्करी न्यायालय ही तिन्ही त्यांच्या आयुष्यात अठरा वर्षांनी पुन्हा एकत्र यावयाची होती; मात्र त्या वेळी ते पडद्यावर दिसणार नव्हते.

मधल्या काळातील चित्रपटांची यादी आम्ही देत नाही. रेम्ब्रांट, नोत्रदामचा कुबडा, या भूमिका जाणकारांस ठाऊक आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते अमेरिकेत होते. तेथील इस्पितळांत जखमी सैनिकांना पुस्तके वाचून दाखविण्याचे काम त्यांनी आपण होऊन पत्करले. बायबल, शेक्सपिअर, डिकन्स, जे हाती लागेल ते वाचीत. ज्यांचे हातपाय गेले आहेत अशी तरुण पोरे तास तास ऐकत बसत. आपल्याकडे पुराणिकबुवा पोथी सोडून बसावेत आणि साऱ्या गावाने समईच्या उजेडात ऐकावे, तसाच हा प्रकार. लॉटन यांस पुढील दशकाची दिशा येथेच सापडली. देखाव्यावाचून, पोशाखावाचून, केवळ शब्द आणि आवाज यांच्या बळावर माणसाला खिळवून ठेवता येते, हे त्यांस कळले. याच सुमारास बेर्टोल्ट ब्रेश्ट या जर्मन नाटककाराबरोबर त्यांनी ‘गॅलिलिओ’ या नाटकाचे इंग्रजी रूप तयार केले. एकास इंग्रजी बेताचेच, दुसऱ्यास जर्मन मुळीच नाही. तेव्हा लॉटन वाक्य अभिनयाने करून दाखवीत आणि ब्रेश्ट मान हलवीत. १९४७ साली लॉस एंजेलिस येथे त्याचा प्रयोग झाला. १९५० साली लॉटन अमेरिकेचे नागरिक झाले.

पॉल ग्रेगरी नावाच्या तरुण व्यवस्थापकाने त्यांस दूरचित्रवाणीवर बायबलमधील उतारा म्हणताना पाहिले आणि त्यांचे वाचनाचे दौरे ठरविण्यास आरंभ केला. या जोडीने १९५१ साली बर्नार्ड शॉच्या एका प्रचंड नाटकातील एरवी गाळला जाणारा नरकातील प्रवेश तेवढाच उचलला. चार नट सायंकाळच्या पोशाखात उंच बैठकांवर बसत आणि पुढ्यात संहिता ठेवून बोलत. यातील भूमिकावाटप पाहण्याजोगे आहे. स्पॅनिश प्रियकर डॉन जुआनच्या जागी फ्रेंच उच्चारांचा शार्ल ब्वाये, पुतळ्याच्या जागी सेड्रिक हार्डविक, तरुणीच्या जागी अ‍ॅग्नेस मूरहेड आणि सैतान स्वतः लॉटन. शॉचे वीस वीस ओळींचे इंग्रजी एका फ्रेंच माणसाच्या तोंडी घालणे हे धाडसच. परंतु परक्या उच्चारामुळे प्रेक्षक कान देऊन ऐकू लागले आणि प्रयोग देशभर चालला.

आता ज्या नाटकासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळू.

हर्मन वूक या लेखकाने दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरात सुरुंग काढणाऱ्या जहाजांवर नोकरी केली होती. त्या अनुभवावर त्यांनी ‘केन’ नावाच्या कल्पित जुनाट जहाजाची कादंबरी लिहिली. ती १९५१ साली प्रसिद्ध झाली व पुढील वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. कथा थोडक्यात अशी. कप्तान क्वीग हा हट्टी, संशयी, बारीकसारीक गोष्टींवरून खलाशांना छळणारा अधिकारी. भटारखान्यातील थोड्याशा स्ट्रॉबेऱ्या नाहीशा झाल्या म्हणून तो सारे जहाज उलथेपालथे करतो. चढाईच्या वेळी सैनिकांच्या होड्या मागे टाकून, पाण्यात पिवळा रंग सोडून तो माघारी फिरतो. १९४४ च्या डिसेंबरात जहाज तुफानात सापडते. क्वीगचे भान सुटले आहे असे मानून दुय्यम अधिकारी मॅरिक आरमाराच्या नियमांतील एका कलमाच्या आधारे जहाज स्वतःच्या ताब्यात घेतो. जहाज वाचते, परंतु मॅरिकवर खटला भरला जातो. बचावाचे काम ग्रीनवाल्ड या ज्यू अधिकाऱ्याकडे येते. त्याच्या मनास ही बाजू पटलेली नाही, तरी तो ती घेतो. वूक यांनी कादंबरीतील केवळ हा खटला घेऊन नाटक रचिले.

मंडळाच्या नाट्यशाखेतील मंडळींनी कान टवकारावेत अशी गोष्ट म्हणजे हे नाटक पूर्णपणे स्त्रीपात्रविरहित आहे. एकोणीस पुरुष, एक न्यायालय, आणि अगदी शेवटी मेजवानीचा एक लहान प्रवेश. तुफान दिसत नाही, जहाज दिसत नाही, समुद्राचा आवाजही नाही. साक्षीदार एकामागून एक येतो, एकाच खुर्चीवर बसतो, सांगतो आणि जातो. म्हणजे जे काही घडावयाचे ते नटाच्या तोंडावर व आवाजातच घडले पाहिजे. अशा नाटकात एक नट चुकीचा निवडला गेला तर त्यास झाकावयास ना पडदा, ना पोशाख, ना गाणे. सारे गणवेशात असल्यामुळे चेहऱ्याखेरीज एकास दुसऱ्यापासून वेगळे ओळखण्याची खूणही नाही.

ग्रेगरी यांनी १९५३ साली हे नाटक हाती घेतले. दिग्दर्शनाचे काम आरंभी डिक पॉवेल या चित्रपटनटाकडे होते, ते मध्येच लॉटन यांजकडे आले. वूक यांची मूळ संहिता लांबलचक होती. लॉटन यांनी लेखकासमवेत बसून तिची काटछाट केली.

क्वीगच्या भूमिकेचाच विचार करू. हौशी मंडळींच्या हाती हे नाटक दिले तर ते काय करतील हे आम्ही डोळे मिटून सांगू शकतो. वेड लागलेल्या कप्तानाची भूमिका म्हणून ते डोळे गरगर फिरविणारा, आरडाओरड करणारा नट निवडतील. तसे केले की नाटक पहिल्या दहा मिनिटांतच संपते. कारण क्वीग साक्षीस दोनदा येतो. पहिल्या अंकात सरकारी वकिलाचा साक्षीदार म्हणून येतो तेव्हा तो शांत, सभ्य, अनुभवी आरमारी अधिकारी दिसला पाहिजे. प्रेक्षकाला वाटले पाहिजे की अपराध मॅरिकचाच आहे. दुसऱ्या अंकात ग्रीनवाल्डच्या प्रश्नांपुढे तोच माणूस हळूहळू ढासळतो, खिशातील पोलादी गोळ्या काढून हातात खुळखुळवू लागतो आणि आपण काय बोलत आहो याचे त्यास भान राहत नाही. म्हणून येथे पाहिजे तो नट वेडा नव्हे, शहाणा. जितका अधिक शहाणा दिसेल तितका अधिक चांगला.

ही भूमिका लॉइड नोलन यांस मिळाली. ते १९०२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मलेले. चित्रपटांत बरीच वर्षे पोलीस, गुप्तहेर, कधी गुंड अशी कामे केलेले, सर्वांच्या ओळखीचे परंतु पहिल्या रांगेत कधीच न गणलेले नट. रंगभूमी सोडून त्यांस बराच काळ लोटला होता. त्यांच्या चेहऱ्यावर विश्वास बसतो, हेच त्यांचे भांडवल. प्रयोगानंतर न्यूयॉर्कचे टीकाकार सर्वांत अधिक लिहीत राहिले ते नोलन यांच्याविषयी. पुढे १९५५ साली हेच नाटक दूरचित्रवाणीवर झाले, तेव्हा त्याच भूमिकेसाठी त्यांस एमी पारितोषिक मिळाले. वाचकांच्या मनात येईल की जगातला सर्वांत गाजलेला क्रूर कप्तान रंगविणारे लॉटन स्वतःच दिग्दर्शक असता त्यांनी क्वीग स्वतःकडे का घेतला नाही? आमच्या मते उत्तर सोपे आहे. लॉटन खुर्चीवर येऊन बसते तर प्रेक्षकाला ब्लाय आठवला असता आणि निकाल आधीच लागला असता. आपली प्रसिद्धी कोठे आड येते हे ओळखणे प्रसिद्ध माणसास फार कठीण जाते. आपल्याकडे तर दिग्दर्शक म्हणजे नायक असा रिवाजच पडून गेला आहे.

ग्रीनवाल्डसाठी हेन्री फोंडा आले. महायुद्धात त्यांनी खरोखरीच आरमारात नोकरी केली होती आणि त्यानंतर आरमारी जीवनावरील ‘मिस्टर रॉबर्ट्स’ या नाटकात ते तीन वर्षे वावरले होते. गणवेश त्यांच्या अंगाला शिकवावा लागत नव्हता. परंतु या भूमिकेतील खरी परीक्षा निराळी. पहिल्या अंकात ग्रीनवाल्ड बहुतांशी गप्प बसून असतो. सर्वांत मोठा नट, सर्वांत कमी बोलणे. इतरांच्या साक्षी चालू असता तो नुसता ऐकतो. प्रेक्षकांस माहीत असते की फोंडा उगाच बसलेले नाहीत, म्हणून ते वाट पाहत राहतात. नाव असलेल्या नटाचा हा उपयोग आम्हांस फार मार्मिक वाटतो.

फोंडा व लॉटन यांचे मात्र पटले नाही. तालमींच्या काळात एकदा वाद विकोपास गेला आणि सैनिकी पेशातील पुरुषांविषयी तुम्हांस काय कळते, अशा आशयाचे अपमानास्पद बोल फोंडा यांनी चारचौघांत काढले असे सांगतात. खंदकात विषारी वायू खाल्लेल्या साध्या शिपायास हे ऐकून घ्यावे लागले! लॉटन यांच्या रूपावर व खासगी जीवनावरही त्या बोलण्याचा रोख होता. तरी त्यांनी काम सोडले नाही आणि फोंडा यांनीही भूमिका सोडली नाही. प्रयोगावर त्याचा डाग पडू दिला नाही, ही गोष्ट दोघांच्याही जमेस धरावी लागेल.

आरोपी मॅरिकच्या जागी जॉन हॉडियाक होते. मॅरिक हा कोळ्याचा मुलगा, सरळ, कष्टाळू, बुद्धीने मध्यम, आरमारातच जन्म काढावा अशी इच्छा असलेला. ही भूमिका दिसावयास सोपी वाटते, परंतु ज्याच्यासाठी सारा खटला चालतो तोच माणूस नाटकात सर्वांत साधा असावयाचा, हे तोलणे कठीण. हॉडियाक पुढे १९५५ साली अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेले.

आणि आता भालदार-चोपदारांकडे येतो. न्यायालयाच्या अध्यक्षाच्या दोहों बाजूंस सहा अधिकारी न्यायाधीश म्हणून बसतात. त्यांस नाटकभर एक अक्षरही बोलावयाचे नाही. आपल्या मंडळात या सहा जागा भरावयाच्या म्हटल्या तर कार्यकारी समितीची खास सभा बोलवावी लागेल, आणि कोणाच्या चिरंजिवास मुका न्यायाधीश केले यावरून पुढील तीन वर्षे वर्गणी थांबेल! त्या सहांपैकी एका खुर्चीवर ओक्लाहोमाचा एक पंचवीस वर्षांचा उंच तरुण बसला होता. कोरियाच्या युद्धात तो जखमी झाला होता. नाटकाचा त्यास अनुभव नव्हता. ग्रेगरी यांची जुनी ओळख म्हणून तो आला होता. रोज रात्री हेन्री फोंडा कसे ऐकतात, कसे थांबतात, हे तो त्या खुर्चीवरून पाहत राहिला. नोलन यांस भाषणे घोटून घेण्यासाठी समोर बसून इतरांची वाक्ये वाचण्याचे कामही त्याच्याकडे असे. हा तरुण म्हणजे जेम्स गार्नर. पुढे ‘मॅव्हरिक’ आणि ‘रॉकफर्ड फाइल्स’ या दूरचित्रवाणी मालिकांमुळे त्यांचे नाव घरोघरी झाले. आपण अभिनय शिकलो तो त्या मुक्या खुर्चीवर, असे ते वृद्धपणापर्यंत सांगत. ते २०१४ साली वारले.

ऑक्टोबर १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे पहिला प्रयोग झाला. तेथून गावोगाव दौरा करीत मंडळी न्यूयॉर्कला पोहोचली आणि २० जानेवारी १९५४ रोजी प्लिमथ नाट्यगृहात नाटक उघडले. तेथे त्याचे चारशेहून अधिक प्रयोग झाले. त्याच वर्षी कादंबरीवरून चित्रपटही निघाला, त्यात क्वीगचे काम हम्फ्रे बोगार्ट यांनी केले. तुफान, जहाज, सारे काही दाखविले. दोन्ही पाहणाऱ्यांत कोणता क्वीग सरस यावरून वाद होत.

नाटकाचा शेवट विलक्षण आहे. खटला जिंकल्यानंतर मेजवानी चालू असता ग्रीनवाल्ड दारू पिऊन येतो आणि विजेत्यांनाच धारेवर धरतो. तुम्ही पुस्तके लिहीत होता, आम्ही कायदा शिकत होतो, तेव्हा शांततेच्या काळात देशाचे रक्षण क्वीगसारख्या लोकांनीच केले. तसे नसते तर हिटलरच्या छावण्यांत ज्यूंचे जे झाले तेच माझ्या आईचे झाले असते, असा त्याच्या बोलण्याचा भाव. मॅरिकच्या मनात संशय पेरून साक्षीच्या वेळी अंग काढून घेणारा लेखक-अधिकारी कीफर हाच खरा अपराधी, असे ठरवून तो त्याच्या तोंडावर प्याला रिकामा करतो. हा प्रवेश असावा की नसावा, यावर तेव्हापासून आजतागायत मतभेद आहेत. आमचे मत असे की तो असावा. उलटतपासणीत आजारी माणूस मोडून पडताना आपण टाळ्या वाजविल्या, याची लाज प्रेक्षकास त्या प्रवेशामुळेच वाटते.

हे नाटक पुढे देशोदेशी झाले. १९८८ साली चार्ल्टन हेस्टन यांनी पेकिंगला जाऊन चिनी नटांकडून चिनी भाषेत ते बसविले. आपल्या मुंबईतही नासिरुद्दीन शहा यांच्या मॉटली या संस्थेने ते इंग्रजीत केले आहे. २०२३ साली विल्यम फ्रीडकिन यांनी त्यावर नवा चित्रपट केला. वूक यांस दीर्घायुष्य लाभले. २०१९ साली ते वारले तेव्हा त्यांच्या वयाची एकशेचार वर्षे पुरी होण्यास थोडेच दिवस उरले होते.

लॉटन यांनी त्यानंतर एकच चित्रपट दिग्दर्शित केला, १९५५ सालचा ‘शिकाऱ्याची रात्र’. खुनी धर्मोपदेशकाच्या भूमिकेत रॉबर्ट मिचम आणि मुलांना आसरा देणाऱ्या वृद्धेच्या भूमिकेत मूकपटांच्या काळातील लिलियन गिश. निवड अचूक, परंतु चित्रपट चालला नाही. आज तो अमेरिकेच्या श्रेष्ठ चित्रपटांत गणला जातो, याचा लॉटन यांस काही उपयोग झाला नाही. त्यांनी पुन्हा चित्रपट दिग्दर्शित केला नाही. १९५७ साली ‘सरकार पक्षाचा साक्षीदार’ या चित्रपटात ते आजारी बॅरिस्टर झाले आणि त्यांना औषधे देणारी खाष्ट परिचारिका त्यांची पत्नी एल्सा झाली. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर चष्म्याच्या काचेने उजेडाची तिरीप टाकणारे ते बॅरिस्टर आमच्या पिढीतील पुष्कळांनी पाहिले असतील.

१९५९ साली, साठाव्या वर्षी, त्यांनी शेक्सपिअरच्या जन्मगावी स्ट्रॅटफर्ड येथे लिअर राजा केला. या भूमिकेची आस त्यांस कित्येक वर्षे होती. टीकाकारांत एकमत झाले नाही. त्याच हंगामात त्यांनी बॉटम या विणकराचीही भूमिका केली. हा बॉटम म्हणजे नाटकातील सर्वच भूमिका मला द्या म्हणून हट्ट धरणारा हौशी नट. आपल्या दुसऱ्या बैठकीस येणाऱ्या मंडळींनी त्याचा परिचय अवश्य करून घ्यावा.

१९६२ सालच्या ‘सल्ला आणि संमती’ या चित्रपटात ते दक्षिणेकडील एका म्हाताऱ्या सिनेटरच्या भूमिकेत आले. ते काम करताना कर्करोगाने शरीर पोखरले होते. तरी दक्षिणेकडील उच्चार नेमके साधावेत म्हणून त्या प्रांतांतील एका खऱ्या सिनेटरचे बोलणे लक्षपूर्वक ऐकून त्यांनी त्याचा अभ्यास केला. चित्रपट जून महिन्यात प्रदर्शित झाला. १५ डिसेंबर १९६२ रोजी हॉलिवूड येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ हे आपल्या मराठीतील न्यायालयाचे नाटक त्याच वर्षी रंगभूमीवर आले होते. एल्साबाई पतीच्या पश्चात चोवीस वर्षे जगल्या व १९८६ च्या डिसेंबरात निवर्तल्या.